रंगीत फोटोचा कागद कसा निवडावा? (आजीच्या मोरपंखी साडीच्या निमित्ताने)



सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या, आणि सापडल्या नाहीत तर ते श्रेय मराठी विभागाच्या संपादकांचं. पण विषय असा आहे की तो मला मराठीतच सांगावासा वाटला, कारण त्यातलं भांडण मराठीत झालं होतं.

आपल्या कॉलेजच्या जुन्या बिल्डिंगमध्ये फोटोग्राफी क्लबची डार्करूम आहे. बऱ्याच जणांना वाटतं ती स्टोअररूम आहे. गेल्या वर्षी आम्ही चौघांनी ती झाडून-पुसून काढली, एन्लार्जर सुरू केला आणि ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढायला शिकलो. रंगीत प्रिंट काढायची वेळ आली तेव्हा मात्र पहिल्याच पायरीवर ठेच लागली. कोणता पेपर घ्यायचा? तेवढ्या एका प्रश्नावर आमचं अख्खं सेमिस्टर गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हा लेख.

घरातलं भांडण

१९८४ साली वर्ध्याला माझ्या आत्याचं लग्न झालं. त्यातला एक फोटो आमच्या अल्बममध्ये आहे. अंगणात आजी आणि आजोबा उभे आहेत, मागे सिमेंटची भिंत. आजोबांचं पांढरं धोतर आणि काळी टोपी. आणि आजीची साडी. आजी म्हणते साडी मोरपंखी होती. बाबा म्हणतात हिरवी होती. आत्या म्हणते, ‘अगं फोटोत दिसतंय ना सरळ, चॉकलेटी होती!’

फोटोत ती चॉकलेटीच दिसते. पण फोटोत धोतर गुलाबी आणि टोपी वांगी रंगाची दिसते, त्याकडे कोणीच लक्ष देत नाही. आजी दर दिवाळीला हा विषय काढते आणि दर दिवाळीला हरते. गेल्या दिवाळीत मला अल्बमच्या मागच्या खिशात निगेटिव्हचं पाकीट सापडलं. म्हटलं, आता याचा निकाल लावू.

पेपरच्या पोटात काय असतं?

निवडायच्या आधी वस्तू काय आहे ते समजून घेऊ. रंगीत पेपरवर एकावर एक असे तीन थर असतात. एक थर निळ्या प्रकाशाला, एक हिरव्या आणि एक लाल प्रकाशाला प्रतिसाद देतो. प्रत्येक थरात चांदीचे क्षार असतात आणि सोबत रंग तयार करणारं रसायन असतं. डेव्हलपरमध्ये टाकल्यावर निळ्याच्या थरात पिवळा, हिरव्याच्या थरात मजेंटा आणि लालच्या थरात सायन म्हणजे निळसर हिरवा रंग तयार होतो. नंतर ब्लिक्स नावाच्या द्रावणात सगळी चांदी निघून जाते आणि मागे फक्त रंग उरतात.

म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट फोटोत शेवटी चांदी असते, रंगीत फोटोत शेवटी रंग असतो. चांदी टिकते, रंग विटतो. आजीचा १९८४ चा फोटो लालसर का झाला याचं उत्तर इथेच आहे. त्या काळातल्या बऱ्याच पेपरांमधला सायन रंग कमजोर होता. अल्बम कपाटात बंद असला तरी तो हळूहळू उडत जायचा. सायन गेला की मागे मजेंटा आणि पिवळा, म्हणजेच लाल उरतो. तुमच्या घरचे जुने फोटो काढून बघा, बहुतेक असेच दिसतील.

आता माझा मूर्खपणा ऐका. ब्लॅक अँड व्हाइटची सवय असल्यामुळे मी रंगीत पेपरचा डबा लाल दिव्यात उघडला! ब्लॅक अँड व्हाइटच्या साध्या पेपरला लाल प्रकाश दिसत नाही, म्हणून तिथे चालतं. रंगीत पेपरला तिन्ही रंग दिसतात. त्यामुळे वरचे ४ शीट वाया गेले. ते डेव्हलप केल्यावर एकसारखे निळसर हिरवे निघाले. का? तर लाल प्रकाशाने लालचा थर जागा झाला आणि त्यात सायन तयार झाला. थिअरी बरोबर निघाली, पेपर मात्र गेला. रंगीत पेपर पूर्ण अंधारातच उघडायचा, हा नियम मी असा शिकले.

पहिला प्रश्न : पेपर कोणत्या प्रोसेसचा?

महालमध्ये एका काकांचा स्टुडिओ होता. तो बंद झाला तेव्हा त्यांच्याकडे पेपरचे तीन डबे उरले होते. मी गेले तर म्हणाले, ‘बेटा, आजकाल कोण प्रिंट काढून राहिलं? घेऊन जा सगळं. पण एक सांगतो, डबा पाहून पेपर घेऊ नको. पहिले काम काय आहे ते पाय, मंग पेपर पाय.’ सोबत त्यांनी प्रोसेसिंगचा ड्रमही दिला. त्यात अंधारात पेपर टाकून झाकण लावलं की पुढचं काम दिवा लावून करता येतं.

पहिल्या डब्यावर ‘ईपी-२’ लिहिलं होतं, बाकी दोघांवर ‘आरए-४’. आम्हाला वाटलं मॉडेल नंबर असेल. पण ती प्रोसेसची नावं आहेत. ईपी-२ ही जुनी पद्धत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आरए-४ आली आणि तिने ईपी-२ ला मागे टाकलं. आरए-४ च्या पेपरमध्ये जवळजवळ सगळं सिल्व्हर क्लोराइड असतं, म्हणून ते फार लवकर डेव्हलप होतं. ३५ अंश सेल्सिअसला डेव्हलपरमध्ये ४५ सेकंद आणि ब्लिक्समध्ये ४५ सेकंद, की झालं. जुन्या पेपरमध्ये ब्रोमाइडचा वाटा असायचा आणि त्याचा डेव्हलपरही वेगळा होता. म्हणजे ईपी-२ चा पेपर आरए-४ च्या केमिकलमध्ये टाकणं हे डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरण्यासारखं आहे. पहिला डबा बाद.

असाच आणखी एक पेपर होता, सिबाक्रोम, ज्याचं नाव पुढे इल्फोक्रोम झालं. तो निगेटिव्हसाठी नव्हता, सरळ स्लाइडवरून प्रिंट काढण्यासाठी होता, आणि त्याचे रंग फार टिकाऊ मानले जात. त्याचं उत्पादन २०१२ च्या सुमारास थांबलं. जुन्या स्टुडिओत त्याचा डबा मिळाला तर हुरळून जाऊ नका. त्याची केमिकल्स वेगळी आहेत, आणि त्याच्यावर निगेटिव्ह छापली तर प्रिंटही निगेटिव्हच येईल.

दुसरा प्रश्न : पेपर जिवंत आहे का?

न वापरलेला रंगीत पेपर दुधासारखा असतो. उष्णतेत तो नासतो. जास्त दिवस ठेवायचा तर १३ अंश किंवा त्याखाली ठेवावा असं सांगितलं जातं. आणि आपण राहतो कुठे? २३ मे २०१३ ला ४७.९ अंश तापमान नोंदवलेल्या नागपुरात! इथे कपाटात दोन उन्हाळे काढलेल्या पेपरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. डब्यावरच्या तारखेपेक्षा तो डबा कुठे ठेवला होता हे विचारा.

पण विचारून भागत नाही, तपासावं लागतं. त्याची टेस्ट अगदी सोपी आहे. पूर्ण अंधारात पेपरच्या दोन पट्ट्या कापा. एन्लार्जरखाली नेऊ नका. एक पट्टी फक्त ब्लिक्समध्ये टाका. दुसरी आधी डेव्हलपरमध्ये आणि मग ब्लिक्समध्ये टाका. दोन्ही धुऊन, वाळवून उजेडात शेजारी ठेवा. पहिली पट्टी म्हणजे पेपरचा मूळ पांढरेपणा. दुसरीही तेवढीच पांढरी असेल तर पेपर जिवंत आहे. दुसरी पिवळट किंवा करडी असेल तर पेपरवर फॉग चढलाय. प्रकाश न पडताच तिथे रंग तयार होतोय, आणि तुमच्या प्रिंटमधला कोणताही पांढरा भाग कधीच पांढरा येणार नाही. आपण लॅबमध्ये कंट्रोल सँपल घेतो, तीच गोष्ट. पहिली पट्टी हे कंट्रोल.

आमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्याने ही परीक्षा पास केली. काकांनी ते शेवटपर्यंत फ्रीजमध्ये ठेवले होते. आता ते आमच्या हॉस्टेलच्या फ्रीजमध्ये आहेत, वर ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी लावून. फ्रीजमधून काढल्यावर डबा लगेच उघडायचा नाही. तीन-चार तास बाहेर राहू द्यायचा, नाहीतर पेपरवर दव जमतं.

तिसरा प्रश्न : एन्लार्जरसाठी की मशीनसाठी?

दुसरा डबा म्हणजे मिनीलॅबच्या मशीनचा ६ इंची रोल होता. प्रोसेस आरए-४, तारीखही अलीकडची. आम्ही खूश! पण इथे एक गोम आहे. नंतरच्या मिनीलॅब डिजिटल होत्या. त्या लेझरने पेपरवर चित्र लिहितात आणि प्रत्येक ठिपक्यावर प्रकाश सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरताच पडतो. त्यासाठी बनवलेल्या पेपरवर एन्लार्जरचा मंद प्रकाश १० सेकंद पाडला तर तो नीट वागेलच असं नाही. असे काही पेपर एन्लार्जरखाली छान चालतात. काहींमध्ये मात्र ‘क्रॉसओव्हर’ नावाचा दोष दिसतो. म्हणजे फोटोच्या उजळ भागात एक छटा येते आणि गडद भागात दुसरीच. तिन्ही थरांचे कर्व्ह एकमेकांना समांतर राहत नाहीत, एकमेकांना छेदून जातात. फिल्टरने सगळे कर्व्ह फक्त सरकवता येतात, त्यांचा उतार बदलता येत नाही. म्हणून हा दोष फिल्टरने जात नाही. आजीच्या साडीच्या बाबतीत याने कसा घोटाळा केला ते पुढे सांगते.

चौथा प्रश्न : कॉन्ट्रास्ट आणि पृष्ठभाग

ब्लॅक अँड व्हाइटच्या मल्टिग्रेड पेपरमध्ये फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट कमी-जास्त करता येतो. रंगीत पेपरमध्ये ही सोय नाही, फिल्टर रंग जुळवण्यातच खर्च होतात. कॉन्ट्रास्ट पेपर निवडतानाच ठरतो. २००० च्या दशकात कोडॅकच्या एन्ड्युरा पेपरचे तीन प्रकार मिळायचे. पोर्ट्रा हा सौम्य, माणसांच्या चेहऱ्यांसाठी. सुप्रा मधला. अल्ट्रा भडक. तेव्हा निवडायला वाव होता. पुढे बाजार आटत गेला. आग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली, कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये फोटोच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. आपल्या देशात उटीला १९६० साली स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ‘इंदू’ नावाने फिल्म आणि पेपर विकायची, तीही बंद झाली. त्यामुळे आज जो पेपर मिळतो त्याला शोभेल अशी निगेटिव्ह निवडणं हाच जास्त व्यवहारी मार्ग आहे.

पृष्ठभाग मात्र विचार करून घ्या. ग्लॉसीवर काळा रंग सगळ्यात खोल आणि रंग सगळ्यात तजेलदार दिसतात, पण बोटांचे ठसेही तितकेच. मॅटवर ठसे दिसत नाहीत, पण काळा थोडा करडा वाटतो. लस्टर या दोघांच्या मधला. फोटो हातोहात फिरणार असेल तर लस्टर घ्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरी अल्बम पन्नास हातांतून जातो, म्हणून मी लस्टरच घेतला. ग्लॉसी प्रिंट काचेच्या फ्रेममध्ये लावणार असाल तर काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंटची फट ठेवा, नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो.

पाचवा प्रश्न : किती टिकेल?

डब्यावर किंवा माहितीपत्रकात ‘१०० वर्षे’ असं वाचलं की आपण भारावतो. इंजिनिअरने विचारावं, कोणत्या प्रकाशात? कोडॅकने एन्ड्युराचा अंदाज घरात दिवसाला १२ तास १२० लक्स प्रकाश धरून काढला होता. फोटोंच्या टिकाऊपणावर आयुष्यभर काम केलेले अमेरिकेतले हेन्री विल्हेल्म १२ तासांना ४५० लक्स धरतात. म्हणजे पावणेचार पट प्रकाश. साहजिकच एकाच पेपरचं आयुष्य दोन ठिकाणी वेगवेगळं येतं. दोघेही खोटं बोलत नाहीत, त्यांचं घर वेगळं आहे. आणि आपल्याकडे भर दुपारच्या थेट उन्हात १ लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो! तेव्हा पेपर कोणताही असो, फोटो खिडकीसमोर लावू नका. तरीही एवढं नक्की, की सायन उडण्याच्या बाबतीत आजचे पेपर १९८४ च्या पेपरांपेक्षा खूप सुधारलेले आहेत.

मग साडी कोणत्या रंगाची?

रंगीत प्रिंट काढताना एन्लार्जरमध्ये पिवळा आणि मजेंटा असे दोन फिल्टर कमी-जास्त करतात. नियम सोपा आहे. प्रिंटमध्ये जो रंग जास्त झाला, त्याच रंगाचा फिल्टर वाढवायचा. प्रिंट मजेंटा आली तर मजेंटा वाढवा, हिरवी आली तर मजेंटा कमी करा. पिवळी आली तर पिवळा वाढवा, निळी आली तर पिवळा कमी करा. लाल आली तर दोन्ही वाढवा.

इथे माझ्या लक्षात आलं की मी साडी हव्या त्या रंगाची करू शकते! मजेंटा थोडा कमी-जास्त केला की बाबा जिंकतात, थोडा आणखी फिरवला की आत्या. मग त्या प्रिंटला पुरावा कसं म्हणायचं? व्हायवाला उत्तर आधी ठरवून रीडिंग लिहिण्यासारखंच झालं.

उपाय असा, की साडीकडे बघायचंच नाही. फोटोत जे नक्की बिनरंगी आहे ते बिनरंगी आणायचं. मागची सिमेंटची भिंत करडी, धोतर पांढरं, टोपी काळी. (नागपूरकरांना ग्रे कार्ड विकत घ्यायची गरजच नाही. रोल सुरू करताना पहिला फोटो आपल्या सिमेंट रोडचा काढून ठेवा.)

आधी मिनीलॅबच्या रोलवर केलं. भिंत करडी आली, धोतर पांढरं आलं, आणि साडी चक्क हिरवी! बाबांना फोन लावणारच होते. तेवढ्यात माझी पार्टनर म्हणाली, ‘टोपी बघ.’ टोपी हिरवट होती. म्हणजे हाच तो क्रॉसओव्हर. उजळ भाग बरोबर, गडद भाग हिरवा. साडी गडद होती, म्हणून तिलाही पेपरने आपल्या पदरचा हिरवा लावला होता. साडीचा तो रंग आजीचा नव्हता, पेपरचा होता.

मग तिसरा डबा. आरए-४, लस्टर, एन्लार्जरसाठीच बनवलेला, माझ्या मूर्खपणातून वाचलेले १७ शीट. सगळं पुन्हा पहिल्यापासून, कारण एका पेपरचे फिल्टर दुसऱ्याला चालत नाहीत. अगदी त्याच कंपनीचा वेगळ्या बॅचचा डबा घेतला तरी थोडा फरक पडतो. म्हणून एका कामाला एकाच बॅचचा पेपर घ्यावा. त्यात रात्री हॉस्टेलचे गिझर लागले की व्होल्टेज पडायचं, एन्लार्जरचा दिवा पिवळा व्हायचा आणि प्रिंटचा रंग बदलायचा. स्टॅबिलायझर लावल्यावर ते थांबलं. ९ व्या शीटला भिंत करडी, धोतर पांढरं आणि टोपी काळी, तिन्ही एकदम आलं. साडी निळसर हिरवी होती. मोरपंखी.

प्रामाणिकपणे सांगायचं तर निगेटिव्हमधले रंगही इतक्या वर्षांत थोडे उडालेले असणार. त्यामुळे साडीची छटा तंतोतंत हीच होती असं मी म्हणणार नाही. पण चॉकलेटी नव्हती आणि साधी हिरवीही नव्हती, हे नक्की.

कॅमेऱ्यात रंग टिपला म्हणजे काम झालं नाही, हे जाणकारांनाही महागात पडलेलं आहे. १९३३ साली व्ही. शांतारामांनी प्रभातच्या ‘सैरंध्री’ चित्रपटाच्या रंगीत प्रिंट थेट जर्मनीत करून आणल्या होत्या, आणि तरीही रंग मनासारखे आले नाहीत. शेवटचा रंग ठरतो तो ज्याच्यावर छापतो तिथे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. आधी प्रोसेस बघा. आपल्या केमिकलचं आणि पेपरचं नाव जुळलं पाहिजे.
२. दोन पट्ट्यांची टेस्ट केल्याशिवाय जुना पेपर वापरू नका.
३. मशीनचा पेपर असेल तर करडा, पांढरा आणि काळा एकदम बिनरंगी येतात का ते आधी तपासा.
४. फोटो कुठे राहणार आहे, हातात, अल्बममध्ये की भिंतीवर, त्यावरून पृष्ठभाग ठरवा.
५. एकाच बॅचचा पेपर पुरेसा घ्या.
६. हातमोजे घाला, डेव्हलपरने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवा. वापरलेल्या ब्लिक्समध्ये चांदी असते, ते बेसिनमध्ये ओतू नका, कॅनमध्ये साठवा.
७. मे महिन्यात ३५ अंशांसाठी हीटर लागत नाही, टाकीचं पाणीच तेवढं गरम असतं. पण ते ३५ च्या वर गेलं तर बर्फ मेसमधून आणावा लागतो, आणि मेसवाले दादा कारण विचारतात.

प्रिंट घेऊन मी वर्ध्याला गेले. बाबा आणि आत्या दोघंही होते. आत्याने फोटो उलटसुलट बघितला आणि म्हणाली, ‘बरं बाई, नव्हती चॉकलेटी.’ आजीने चष्मा लावला. साडीबद्दल ती काहीच बोलली नाही. बराच वेळ बघून म्हणाली, ‘अगं, पण हे इतके काळे नव्हते.’

मी नीट बघितलं तर खरंच, प्रिंट जरा गडद झाली होती. परत येऊन एक्सपोजर ११ सेकंदांवरून ९ वर आणलं आणि नवीन प्रिंट काढली. आता अल्बममध्ये तीच आहे. जुनी लाल प्रिंटही तिच्या शेजारीच ठेवली आहे.

डबा पाहून पेपर घेऊ नको, काम पाहून घे, असं काका म्हणाले होते ते मला आता कळलं. तुमच्याही घरी निगेटिव्हचं असं एखादं पाकीट असेल. आजी-आजोबा आहेत तोवर ते शोधा. कारण पेपरने खरं सांगितलं की नाही, हे शेवटी तेच सांगू शकतात. डार्करूम शनिवारी संध्याकाळी उघडी असते. दार वाजवा, पण आतून ‘ये’ असा आवाज आल्याशिवाय उघडू नका!